राजीनामा पदाचा, कर्ज मात्र तुमच्याच नावावर

पत्र थोडक्यात असं. वय 66, पत्नी 63. नाशिकमधल्या एका स्वतंत्र ख्रिस्ती मंडळीचे (म्हणजे चर्चचे) पाळक आणि तिच्या ट्रस्टचे अध्यक्ष. ईस्टरनंतर दोन्ही पदं सोडणार. निरोपाला मंडळी 5 लाखांची थैली देणार आहे, शिवाय दरमहा 12 हजार मानधन ‘देऊ म्हणाले आहेत’. एकूण बचत 14 लाख, त्यातले 3 लाख नुकतेच एका पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यात गेले. प्रश्न असा, की थैलीचे पैसे पॉलिसीच्या पुढच्या हप्त्यांसाठी ठेवू की एफडी करू?

पाळकसाहेब, दोन्ही नको.

पॉलिसीचं आधी उरकून टाकू. दरवर्षी 3 लाख, पाच वर्षं, म्हणजे 15 लाख भरायचे आणि बाराव्या वर्षाअखेर 26 लाख मिळायचे. एजंट याला ‘जवळजवळ दुप्पट’ म्हणतो. हिशेब केला तर वर्षाला साडेपाच-पावणेसहा टक्के पडतात, तेही तुम्ही 78 वर्षांचे झाल्यावर. तुमची बचत 14 लाख, हप्ते 15 लाखांचे! ज्याने हे विकलं त्याने तुमचं वय विचारलं होतं का? पॉलिसी हातात पडून 12 दिवस झालेत असं तुम्ही लिहिता. 30 दिवसांच्या आत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. अर्ज कंपनीच्या शाखेत द्या आणि पोहोच घ्या. एजंटाच्या हातात कागद देऊ नका.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘पाथर्डी फाट्याच्या हॉलसाठी नाशिकरोडचा फ्लॅट तारण ठेवून माझ्या नावावर कर्ज घेतलं होतं, 11 लाख बाकी आहेत, पण हप्ता मंडळीच भरते.’ मंडळी भरत नाही, साहेब. पहिल्या रविवारी खजिनदार तुम्हाला पाकिटात 19 हजार आणून देतात आणि हप्ता तुमच्या खात्यातून जातो. बँकेच्या लेखी मंडळी कुठेच नाही. ट्रस्टच्या नावावर कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तो फेरा टाळायला तुम्ही स्वतःचं नाव दिलंत. हेतूबद्दल शंका नाही. पण ईस्टरनंतर नवे पाळक येतील, काही कुटुंबं दुसरीकडे जातील (पाळक बदलले की जातातच), अर्पण घटेल. मग ते पाकीट नाशिकरोडला कोण आणून देणार? दुसऱ्याच्या कर्जाला हात देणाऱ्याच्या अंगाखालचा बिछाना जातो, ही ताकीद बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या 22व्या अध्यायात आहे. ती तुम्ही मला सांगायची, मी तुम्हाला नव्हे.

आकडे बघा. पॉलिसीचे पैसे परत आले की 14 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. 8.2 टक्क्यांनी महिन्याला साडेनऊ हजार पडतात, मिळतात मात्र तिमाहीने. पार्सनेज, म्हणजे मंडळीने पाळकाला दिलेलं घर, सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलात की त्याचं 9 हजार भाडं बंद होणार. हे तुम्ही धरलेलंच नाही. घरखर्च 25 हजार. मानधनाचा ठराव झालेला नाही, आणि झाला तरी पुढची कमिटी तो फिरवू शकते, म्हणून मी त्यातले निम्मेच धरतो. साडेनऊ आणि सहा, साडेपंधरा. साडेनऊ हजारांची तूट इथेच आहे. त्यावर 19 हजारांचा हप्ता आला, तर मुद्दल मोडत जाईल, व्याजही घटत जाईल आणि 14 लाख साडेतीन-चार वर्षांत संपतील.

म्हणून थैली शालीबरोबर हातात घेऊ नका. ते 5 लाख थेट कर्जात भरायला सांगा. उरले 6 लाख. तुमच्याकडे 60 कुटुंबं आहेत. कुटुंबामागे महिना हजार रुपये, दहा महिने. हॉल त्यांचाच आहे, लग्नं-बारशी तिथेच होतात. मागायला संकोच वाटेल, पण कर्जावर सही करताना वाटला नव्हता. व्याजदर बदलता असेल आणि कर्ज व्यवसायासाठी नसेल, तर मुदतीआधी फेडल्याचा दंड सहसा लागत नाही. मंजुरीपत्र काढून बघा.

हे सगळं राजीनाम्याच्या आधी करायचं आहे, कारण आज कमिटीची बैठक तुम्ही बोलावू शकता. कर्जाची रक्कम हॉलवर खर्च झाली, असा ठराव बांधकामाच्या बिलांसकट करून घ्या. पैसे पावती फाडून ट्रस्टमध्ये यावेत आणि तिथून चेकने कर्जखात्यात जावेत. ट्रस्टीच्या नावावरचं कर्ज ट्रस्टने फेडणं हा नाजूक मामला आहे, तेव्हा धर्मादायचं काम करणाऱ्या वकिलाला आधी दाखवा. रोखीची पाकिटं आजपासून बंद. उद्या आयकर खात्याने विचारलं, तर हा पैसा तुमचा नव्हता हे दाखवायला तुमच्याकडे आज एक चिठोरंही नाही.

राजीनामा दिल्यावर नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची नोंद) दाखल झाला की नाही, ते स्वतः बघा. तोवर तिथल्या नोंदीत अध्यक्ष तुम्हीच. कर्ज फिटलं की बँकेकडून नादेय दाखला आणि फ्लॅटचे मूळ कागद घ्या.

एक गोष्ट पत्रात नाही. त्या कर्जावर तुमच्या पत्नीचीही सही आहे का? फ्लॅट दोघांच्या नावावर असेल, तर बहुधा असणार. ते मला कळवा, आणि त्यांनाही आज सगळं सांगा.