पॅनेलच्या आधी बॅटरीचं बोल

प्रिय मित्रा,

गावच्या शाळेला सौर वीज देण्याचा तुझा आराखडा वाचला. पॅनेल किती वॅटचं, छपरावर कुठे बसणार, उद्घाटनाला कोण येणार, सगळं आहे. बॅटरी थकल्यावर नवी कुणाच्या पैशाने येणार, ते मात्र कुठेच नाही. मी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती.

चांगलं पॅनेल 25 वर्षं सहज काढतं. वर्षाला त्याची ताकद साधारण अर्धा टक्का उतरते, बस. लेड-ॲसिड बॅटरी मात्र 3 ते 5 वर्षांत मान टाकते. नव्या पॅनेलसाठी देणगी मिळते, जुन्या बॅटरीसाठी कोण देतो? मग छपरावर धडधाकट पॅनेल आणि खाली वर्गात अंधार.

म्हणून बॅटरी लहानच ठेव. शाळाही दिवसा भरते आणि ऊनही दिवसाच पडतं, ही आयती सोय आहे. समज, 30 वॅटचे 4 बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे 6 तास चालले: 720 वॅट-तास. 50 वॅटचा लॅपटॉप 3 तास: 150. संध्याकाळच्या अभ्यासिकेसाठी 9 वॅटचे 8 एलईडी दिवे 4 तास: 288. सगळे मिळून 1,158. हजार वॅट-तासांचं एक युनिट, म्हणजे हे सव्वा युनिटसुद्धा नाही. रोज साडेचार तास भरपूर ऊन धरलं आणि धूळ, उष्णता, तारा यांत 30 टक्के गेले, तरी 400 वॅटचं पॅनेल पुरतं. बॅटरीवर टाकायचे ते फक्त दिव्यांचे 288. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1,200 वॅट-तास मावतात. ती निम्मीच रिकामी करायची, म्हणजे जास्त टिकते. तरीही दोन संध्याकाळी निघतात. ढग आले तर पंखे बंद राहू देत, कुणाचं काही अडत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी परवडली तर तीच घे. सुरुवातीला महाग, पण पाणी घालायची कटकट नाही. लेड-ॲसिड घेतलीस तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. मदतीच्या भरात साधं पाणी ओतणारा कुणीतरी भेटतोच!

आणि हो, पॅनेलवर झाडाची सावली पडू देऊ नकोस. आतले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका फांदीच्या सावलीनेही वीज बरीच घटते.

आता माणसं. सगळं एका उत्साही शिक्षकावर सोपवू नकोस. त्याची बदली झाली की किल्लीही जाते आणि माहितीही. गाव न सोडणाऱ्या दोघी-तिघींना शिकव. राजस्थानातल्या टिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने लिहिता-वाचता न येणाऱ्या आज्यांना सौर यंत्रणा जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं ते याच विचाराने. शिकलेला तरुण शहराची वाट धरतो, आजी गावातच राहते.

पैशाचंही त्यांच्याच हाती दे. सुट्टीत हे पॅनेल रोज चाळीसेक मोबाईल चार्ज करू शकेल. एरवी ती वीज फुकटच जाणार. थोडी थोडी रक्कम घेऊन ती बॅटरीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाकायची. किती घ्यायची ते तू ठरवू नकोस, पालकांनाच ठरवू दे. वस्तीला तेही झेपणार नसेल, तर देणगीदाराकडून दुसऱ्या बॅटरीचे पैसे आजच लेखी मागून घे, हवं तर त्यासाठी आराखड्यातलं पॅनेल थोडं लहान कर.

नवा आराखडा पाठवशील तेव्हा ते खातं कुणाच्या सहीने चालेल, तेवढं पहिल्या पानावर लिही.

तुझा,
एक जुना सहकारी