मामांचे पैसे कुणाच्या खात्यावर टाकायचे?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. परदेशी निघताना मामांनी हातात ठेवलेले तीन लाख. त्यांनी कधी मागितले नाहीत, तुम्ही "पुढच्या खेपेला नक्की" म्हणत राहिलात. फेब्रुवारीत मामा गेले. असं 'पुढच्या खेपेला' आपल्यापैकी कुणाच्या घरी नाही? पण एकोणीस वर्षं, अहो! मधे चारदा घरी जाऊन आलात, असं तुम्हीच लिहिलंय.

असो. मोठी चूक अजून व्हायचीच आहे. मामांच्या मुलाबद्दल तुम्ही लिहिता, "दादाच्या खात्यावर एकरकमी टाकून मोकळा होतो, तो बघेल सगळ्यांचं."

दादा बघणार नाही. तो वाईट आहे म्हणून नव्हे, त्याला स्वतःचेच हजार खर्च आहेत म्हणून. आणि ताई? अख्ख्या पत्रात तिला एक ओळ: "ताईचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली, तिचा नंबरही नाही माझ्याकडे." लग्न झालं म्हणून ती मामांची मुलगी उरली नाही की काय? मामांचं तुमच्याकडचं येणं ही त्यांची मिळकतच. मृत्युपत्र नसेल तर तिच्यात मामी, दोघे मुलगे आणि ताई यांचा सारखा वाटा. मामांची आई हयात असेल तर तिचाही. लोक लगेच वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीचं नाव घेतात. ती वडिलोपार्जित मिळकतीतल्या मुलीच्या जन्मसिद्ध हक्काची. बापाच्या स्वकमाईत मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे.

माझे वडील गेल्यावर त्यांच्या मित्राने उसने घेतलेले पैसे प्रामाणिकपणे आणून माझ्या भावाला दिले. भावाने ते गळक्या छताला लावले, त्याच्या मनात काही नव्हतं. सहा वर्षांनी त्या काकांचा मला इथे फोन आला. मी फोन खांद्यात धरून भांडी घासत होते. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुझा वाटा पोचला ना गं?" मी "हो काका" म्हटलं आणि तेच पातेलं पुन्हा घासलं. भावाकडे तो विषय आजतागायत काढलेला नाही.

म्हणून चौघांना एकाच वेळी, एकाच मजकुरात कळवा: किती, कधी, कशासाठी घेतले. मृत्युपत्र आहे का विचारा; असेल तर त्याप्रमाणे. नसेल तर चार वाटे चार खात्यांवर, आणि चौघांच्या सहीची पोच. सगळे मामींनाच द्यावेत असं मुलांचं मत असेल तर उत्तम, पण तसं तिघांनी, ताईसकट, लेखी कळवू दे. वाद निघाला तर कुणालाच देऊ नका. कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे गेलेल्या माणसाचं येणं कुणी घ्यायचं याचा दाखला, आणायला सांगा. ते ज्याच्या नावावर असेल त्याला चुकते केलेत की तुम्ही सुटलात.

बाकीचं थोडक्यात. "मुदत संपली ना?" असं तुमच्या मिसेस विचारतात. उसनवारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षं, खरं. पण त्याने कोर्टात जायचा हक्क संपतो, देणं नाही. व्याज मामांनी लावलं नव्हतं, तुमच्या मनाला येईल ते करा. रोखीने मात्र नको. २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोख फेडणं आयकर कायद्याला चालत नाही.

आणि ताईचा नंबर मामींकडून घ्या. दादाकडून नव्हे.