सत्तर हजारांत जड गेम न अडखळता चालतील असा पीसी कसा निवडावा? (राहणार भुसावळ)

तुमच्या प्रश्नातलं मला समजलं ते असं: बजेट सत्तर हजार, मॉनिटर घरचाच जुना 60 हर्ट्झचा फुल एचडी, सायबरपंक 2077 आणि रेड डेड रिडेम्प्शन 2 खेळायचेत, आणि दुकानदार "आय-सेवन, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स, भाऊ काही पण चालेल" म्हणत एक तयार पीसी गळ्यात मारतोय. तो घेऊ नका.

आय-सेवन म्हणजे नेमका कोणत्या पिढीचा, ते आधी विचारा. स्वस्तातल्या अशा पीसीत बहुतेकदा 3770 किंवा 4770 निघतो. म्हणजे 2012-13 चा माल, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला. आजचा साधा आय-फाइव्ह 12400 त्याला सहज मागे टाकतो. विंडोज 11 साठी इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, हा वेगळाच त्रास. "4 जीबी ग्राफिक्स" हेही अर्धवट उत्तर आहे. जीटी 730 हे 2014 चं ग्राफिक्स कार्डसुद्धा 4 जीबीत मिळतं, पण त्यातली मेमरी संथ आणि चिप अगदीच लहान. डेस्कटॉपवर पिक्चर बघायला ठीक, सायबरपंक त्यावर चालणार नाही. कार्डाचं पूर्ण नाव सांगायला दुकानदार टाळाटाळ करत असेल तर दुकान बदला.

आता पैसे कुठे घालायचे. सेकंदाला 60 फ्रेम (पडद्यावरची चित्रं) हव्या असतील तर एक फ्रेम तयार व्हायला जेमतेम साडेसोळा मिलिसेकंद मिळतात. त्यात प्रोसेसर हिशेब करतो आणि कार्ड चित्र काढतं. तुमच्या गेममध्ये जास्त काम कार्डाचं, म्हणून बजेटचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा वाटा कार्डाला द्या. आरटीएक्स 4060 किंवा 5060 बघा. थोडी ओढाताण जमत असेल तर आरएक्स 9060 एक्सटीचं 16 जीबीचं मॉडेल घ्या. 4060-5060 मधली 8 जीबी मेमरी फुल एचडीला आज पुरते, फक्त टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) एक पायरी खाली ठेवावे लागतील. मेमरी भरली की सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात, पण गाडी वळवताना गचका बसतो. लोक ज्याला "लॅग मारतंय" म्हणतात त्यातलं बरंचसं हेच असतं. तुमचा मॉनिटर 60 चाच आहे हे तुमच्या पथ्यावरच पडलंय. 144 फ्रेमच्या मागे धावायची गरज नाही.

प्रोसेसरमध्ये लोक डोळे झाकून 12400एफ किंवा रायझन 5 5600 सुचवतील. दोन्ही उत्तम आहेत, पण दोघांत अंगचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. आपल्याकडून कार्ड वॉरंटीत गेलं की ते मुंबई-पुण्याकडे कुरिअरने जातं आणि परत यायला किती दिवस लागतील याचा नेम नसतो. तेवढे दिवस पीसी नुसता डबा. म्हणून मी एफ नसलेला, अंगचं ग्राफिक्स असलेला 12400 घ्या म्हणेन. थोडे जास्त पैसे पडतील, पण कॉलेजचं काम अडणार नाही.

रॅम 16 जीबी, पण 8 च्या दोन पट्ट्या. 16 ची एकच पट्टी लावून देतात, त्यात वेग मार खातो. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे डीडीआर4 (रॅमची आधीची पिढी) चा मदरबोर्डच परवडेल. एसएसडी 1 टीबीची घ्या. रेड डेडलाच दीडशे जीबी लागतात आणि सायबरपंक तर 2023 च्या 2.0 अपडेटपासून एसएसडीच मागतो.

यूट्यूबवरच्या यादीत जे सापडत नाही ते आता सांगतो. पुण्यात 28 अंशांच्या खोलीत 70 वर चालणारं कार्ड भुसावळला मे महिन्यात 42 अंशांच्या खोलीत 84 वर जातं, कारण चिप खोलीच्या तापमानाच्या वर तापते. आणखी वर गेलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं, आणि आपण गेमला शिव्या देतो. त्यामुळे इथे कमी वीज खाणारं कार्ड खरंच फायद्याचं. 4060 ला 115 वॉट लागतात, जुन्या 3060 ला 170. समोर काच असलेला कॅबिनेट दिसायला भारी, पण हवा आत जात नाही. जाळीचा घ्या, पुढे दोन फॅन आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. वॉटर कूलिंग आणि रंगीत लाइटांवर या बजेटमध्ये एक रुपया घालू नका.

कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. खोली गार होते हे खरं, पण पाण्याचे तुषार आणि बोअरच्या पाण्याचा क्षार बोर्डवर बसतो. धुळीचं तर विचारूच नका. चोपड्याकडे जिनिंगजवळच्या एका घरातला कॅबिनेट मी उघडला होता. पुढच्या जाळीवर कापसाच्या तंतूंची अख्खी गादी जमली होती. बोटाने सोलली तर एका तुकड्यात निघाली, आणि कार्ड तिथल्या तिथे दहा-बारा अंशांनी उतरलं. जाळी महिन्याला झटका.

कॅबिनेटबरोबर फुकट येणारा "500 वॉट" लिहिलेला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) दुकानातच ठेवून या. नावाजलेल्या कंपनीचा 550 वॉटचा, 80 प्लस ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवत असल्याचा शिक्का) असलेला घ्या. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज कसं नाचतं ते तुम्हाला माहीत आहे. 600 व्हीए (यूपीएसच्या क्षमतेचं माप) चा यूपीएस गेम चालू असताना लाइट गेली तर बहुधा तग धरणार नाही, 1000-1100 व्हीएचा लागेल. घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजून आधी वायरमनला बोलवा.

लॅपटॉपचा विचार असेल तर सोडा. त्याच नावाचं कार्ड लॅपटॉपमध्ये कमी वॉटवर चालतं, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याचे हाल होतात.

खरेदी जळगावच्या गोलाणी मार्केटात करा किंवा ऑनलाइन, बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी असते तेव्हा भांडण त्याच्यावरूनच होतं. घरी आल्यावर मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला लावा. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी चालू करा, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालेल, आणि गेममध्ये फ्रेम 60 वर बांधा. डीएलएसएस किंवा एफएसआर (चित्र लहान काढून मोठं करणारी, फ्रेम वाढवणारी सोय) "क्वालिटी"वर ठेवा. मे-जूनमध्ये आफ्टरबर्नर या प्रोग्राममधून कार्डाची पॉवर लिमिट 80 टक्क्यांवर आणा. फ्रेम नाममात्र कमी होतील, पण पंख्याची घरघर बरीच उतरेल. दुकानदाराने दिलेल्या कोटेशनचा फोटो कमेंटमध्ये टाकलात तर कुठे काय बदलायचं ते सांगतो.