‘सापडले नाही’ हे केव्हा म्हणावे?

प्रिय विद्यार्थी मित्रास,

सप्रेम आशीर्वाद.

यादीत एखादे मूल्य आहे का हे पाहण्यासाठी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘इन’ ही सोय असताना रेषीय शोधाचे, म्हणजे लिनिअर सर्चचे, फंक्शन स्वतः कशाला लिहायचे, हा तुझा प्रश्न रास्त आहे. रोजच्या कामात ‘इन’च वापरावे, तेही यादी पहिल्या घटकापासून एकेक करून तपासते आणि आपण लिहिलेल्या लूपपेक्षा वेगाने तपासते. तरीही हे फंक्शन एकदा हाताने लिहून पाहावे, असा माझा आग्रह आहे.

सुरुवात सोपी आहे. यादी आणि शोधायचे मूल्य असे दोन पॅरामीटर घ्यावेत, ‘फॉर’ लूपमध्ये ‘एन्युमरेट’ वापरून प्रत्येक घटकासोबत त्याचा इंडेक्स, म्हणजे यादीतील स्थानाचा क्रमांकही मिळवावा आणि घटक जुळताच तो इंडेक्स रिटर्न करावा.

खरी परीक्षा त्यानंतरच्या ओळीची असते. नवशिके पुष्कळदा ‘इफ’ला जोडून ‘एल्स’ लिहितात आणि ‘सापडले नाही’ हे उत्तर तिथेच रिटर्न करतात. असे फंक्शन फक्त पहिला घटक पाहते आणि तो जुळला नाही, की साऱ्या यादीविषयी निकाल देऊन मोकळे होते. त्यातून चाचणीसाठी नेमके पहिलेच मूल्य निवडले असेल, तर चूक लक्षातही येत नाही. ‘सापडले’ म्हणायला एक घटक जुळणे पुरते, पण ‘सापडले नाही’ म्हणायला सगळे घटक पाहून व्हावे लागतात, म्हणून हा दुसरा रिटर्न लूप संपल्यावर, ‘फॉर’च्याच रेषेत लिहावा. पायथॉनमध्ये हा फरक केवळ इंडेंटेशनने ठरतो, तेव्हा ओळीच्या आधीची मोकळी जागा हा मजकुराचाच भाग समजावा.

त्या ओळीत रिटर्न काय करायचे, याचाही विचार कर. अनेक ठिकाणी उणे एक देण्याची पद्धत दिसते. पायथॉनमध्ये मला ती धोक्याची वाटते, कारण इथे उणे एक हा यादीतील शेवटच्या घटकाचा वैध इंडेक्स आहे. उत्तर न तपासता वापरले, तर प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता भलताच घटक हाती देईल. ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’ दर्शवणारे मूल्य, दिल्यास तीच चूक ‘टाइपएरर’ या त्रुटीच्या रूपाने लगेच समोर येते. मात्र उत्तर तपासताना नुसते ‘इफ’ लिहू नये, कारण पहिल्या घटकाचा इंडेक्स शून्य असतो आणि शून्य ‘फॉल्स’ मानले जाते. तिथे ‘इज नॉट नन’ असेच स्पष्ट लिहावे.

वेगाची चिंता आत्ताच नको. हजार घटकांत मूल्य नसेल, तर हजार तुलना होतात. दरवेळी मधला घटक पाहून उरलेली अर्धी यादी वगळणाऱ्या बायनरी सर्चला जास्तीत जास्त 10 पुरतात, पण त्यासाठी यादी आधी क्रमाने लावलेली असावी लागते. विस्कळीत यादीत एकदाच शोधायचे असेल, तर रेषीय शोधच योग्य.

फंक्शन लिहून झाले, की रिकामी यादी, अगदी शेवटी असलेले मूल्य, दोनदा आलेले मूल्य आणि मुळीच नसलेले मूल्य देऊन ते चालव आणि प्रत्येक वेळी काय उत्तर यायला हवे, हे आधी कागदावर लिहून ठेव.

तुझा हितचिंतक