टोर्नेडोचा इशारा किती खरा ठरला, हे कसं मोजाल?

नव्यानं मोजायला बसलात की एकूण 'अचूकतेचा टक्का' काढायचा मोह आधी टाळा. अमेरिकेत हवामान अभ्यासक जॉन फिनली यांच्या १८८४ सालच्या २,८०३ अंदाजांचा हिशेब बघा: २८ टोर्नेडो बरोबर सांगितले, ७२ इशारे फुकट गेले, २३ टोर्नेडो हुकले, उरलेले २,६८० म्हणजे 'नाही म्हटलं आणि झालाही नाही'. अचूकता ९६.६ टक्के! पण दर वेळी डोळे मिटून 'नाही' म्हटलं असतं, तर ९८.२ टक्के भरली असती.

म्हणून तो २,६८० चा रकाना बाजूला ठेवा. पकड, म्हणजे घडलेल्यांपैकी किती टोर्नेडो आधी सांगितले: २८ भागिले ५१ (२८ अधिक हुकलेले २३), ५५ टक्के. खोटे इशारे ७२ भागिले १००, म्हणजे ७२ टक्के. छेद नीट बघा: पहिल्यात घडलेले टोर्नेडो, दुसऱ्यात दिलेले इशारे. घोळ नेमका इथेच होतो. दोन्ही आकडे कायम जोडीनं मांडा, कारण इशारे भरमसाट दिले की पकड आपोआप वाढते.

ऑक्टोबर २००७ पासून अमेरिकेत इशारा अख्ख्या काउंटीऐवजी (तिथला जिल्ह्यासारखा भाग) वादळाभोवती आखलेल्या बहुभुजापुरता असतो. त्याआधीचे आकडे नंतरच्यांशी थेट ताडू नका. पूर्वसूचनेच्या मिनिटांची सरासरी काढताना हुकलेल्या टोर्नेडोंना शून्य धरलंय का, तेही तपासा. आणि ओसाड माळावरचा टोर्नेडो कुणी पाहिलाच नाही, तर खरा इशाराही खोट्यांत जमा होतो.