गॉलवेत उतरायचं कुठे?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे शहरात मी काही वर्षं राहिले आहे. त्यामुळे तिकडे निघालेल्या वाचकांची पत्रं येत असतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न मुक्कामाचा असतो. त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देते आहे.

प्रश्न (डोंबिवली): सत्तरीतल्या आईबाबांना घेऊन तीन रात्रींसाठी जातोय. त्यांना समुद्र दिसणारी खोली हवी आहे. सॉल्टहिलला राहावं की शहराच्या मध्यभागी?

आईबाबांची हौस समजते, तरीही माझं मत मध्यभागाला. कारण सांगते.

गॉलवेचं मध्यवर्ती ठिकाण म्हणजे एअर स्क्वेअर हा चौक. रेल्वे स्थानक अगदी त्याला लागून आहे आणि लांब पल्ल्याच्या बसगाड्यांचा तळही पाच मिनिटांवर. डब्लिन विमानतळावरून थेट गॉलवेला येणाऱ्या बसला साधारण अडीच-तीन तास लागतात. मुंबईहून आखातातल्या एखाद्या विमानतळावर विमान बदलून आलेली सत्तरीतली माणसं त्या बसमधून उतरतील, तेव्हा त्यांना समोर खोली दिसली पाहिजे. एअर स्क्वेअरपासून शॉप स्ट्रीट आणि की स्ट्रीटवरून उतरत गेलात, की दहा-बारा मिनिटांत १५८४ साली बांधलेल्या स्पॅनिश आर्चपाशी पोचता. तिथे कॉरिब नदी समुद्राला मिळते. म्हणजे समुद्र आहेच, फक्त खिडकीतून दिसत नाही.

सॉल्टहिल तिथून अडीच-तीन किलोमीटर पश्चिमेला आहे. किनाऱ्यालगतचा फिरायचा रस्ता फार सुंदर, पलीकडे क्लेअर परगण्यातले बरनचे करडे डोंगर दिसतात, आणि रस्त्याच्या टोकाला पोचल्यावर भिंतीला पाय लावून परत फिरायची जुनी पद्धत आहे. पण अटलांटिकवरून येणारा पाऊस तिथे आडवा मारतो. छत्री उलटते. रात्री जेवून परतताना टॅक्सी लगेच मिळाली नाही, तर आईबाबांना त्या वाऱ्यात उभं राहावं लागेल. सॉल्टहिलला दिवसा जा. ४०१ क्रमांकाची बस जाते. ऊन पडलं की दुपारभर बाकावर बसा. जूनमध्ये रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवणानंतरही जाता येईल.

मध्यभागातही सगळीकडे सारखं नाही. की स्ट्रीटच्या आसपासचा लॅटिन क्वार्टर म्हणजे पब, रस्त्यावरचे वादक, गर्दी. शुक्रवार-शनिवारी मध्यरात्र उलटली तरी आवाज थांबत नाही. शिवाय तिथले रस्ते फक्त पायी चालणाऱ्यांसाठी असल्यामुळे टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही, आणि फरसबंदीवरून चाकांच्या बॅगा ओढणं त्रासाचं होतं. एअर स्क्वेअरच्या भोवती किंवा वुडकी भागात बघा. बुकिंग करताना दोन गोष्टी लेखी विचारा: लिफ्ट आहे का, आणि मागच्या बाजूची खोली मिळेल का. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, जिने अरुंद आणि चढ असतात. लिफ्ट नसेल तर तळमजल्याची खोली मागा. मजले आपल्यासारखेच मोजतात, म्हणजे पहिला मजला तळमजल्याच्या वर.

प्रश्न (नाशिक): मुलगा गॉलवे विद्यापीठात एम.एस. करतोय. आम्ही दोघं जूनमध्ये बारा दिवस जाणार आहोत. शाकाहारी आहोत, रोज बाहेर खाणं जमणार नाही. काय करावं?

तुमच्यासाठी विद्यापीठाचीच वसतिगृहं उत्तम. उन्हाळ्याच्या सुट्टीत, साधारण जून ते ऑगस्ट, विद्यार्थी गेले की तिथल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. बहुतेक ठिकाणी स्वतःचं न्हाणीघर असलेली खोली आणि सामायिक स्वयंपाकघर अशी रचना असते. मुलगा जवळ आणि नदीकाठ शेजारी. कॅथेड्रलवरून चालत शहरात यायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मुलालाच प्रत्यक्ष खोली बघून यायला सांगा. स्वयंपाकघरात भांडी मिळतात की नुसती शेगडी, हे त्याला नीट विचारून घेऊ द्या, कारण हे प्रत्येक इमारतीत वेगळं असतं.

आता फोडणीबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. तिथल्या घरांत धुराची सूचना देणारी यंत्रं फार संवेदनशील असतात. मी नवीन असताना आमटीला फोडणी दिली, मोहरी तडतडली, आणि भोंगा वाजून अख्ख्या इमारतीतले लोक पावसात बाहेर येऊन उभे राहिले. त्यात तान्ह्या बाळाला घेतलेली एक आईही होती. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी खिडकी उघडून, शेगडीवरचा पंखा चालू करून, तेल मंद तापवून फोडणी करते. स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा. यंत्रावर प्लॅस्टिक बांधायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आग लागली तर जिवाशी गाठ आहे.

डाळ, तांदूळ, मसाले गॉलवेतही मिळतात, बॅग भरून नेऊ नका. आणि तूप, खव्याचे पेढे अजिबात नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. मुलाला पेढ्यांऐवजी कडबोळी न्या, तीही तेलात तळलेली.

प्रश्न (पुणे): जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गॉलवेचे दर इतके कसे? साधी खोलीसुद्धा परवडत नाहीये.

तुम्ही नेमका घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा निवडलात. बॅलिब्रिटच्या मैदानावरच्या या शर्यती सलग सात दिवस चालतात, जुलैच्या अखेरीस सुरू होऊन ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुट्टी असते तिच्या आदल्या रविवारपर्यंत. देशभरातून माणसं येतात. त्याच्या आधीचे दोन आठवडे आंतरराष्ट्रीय कला महोत्सव असतो. म्हणजे जुलैच्या मध्यापासून पुढे शहरात खोली मिळणं अवघडच.

तारखा बदलता आल्या तर मे किंवा जूनची सुरुवात, नाहीतर सप्टेंबर घ्या. सप्टेंबरच्या अखेरीस कालवांचा महोत्सव असतो, त्या शनिवार-रविवारी पुन्हा दर चढतात. तारखा बदलणं शक्यच नसेल, तर ऑरनमोर बघा. डब्लिन-गॉलवे रेल्वेमार्गावरचं हे गाव गॉलवेच्या अलीकडे थोड्याच मिनिटांवर आहे. मात्र खोली घेण्याआधी रात्रीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते पाहा, नाहीतर वाचवलेले पैसे टॅक्सीत जातील. बॅलिब्रिट आणि पार्कमोरच्या औद्योगिक वसाहतींजवळची हॉटेलं एरवी स्वस्त वाटतात, पण शर्यतींच्या आठवड्यात तो भाग टाळाच. संध्याकाळी तिथली वाहनांची कोंडी मी अनुभवली आहे.

कला महोत्सवाच्या दिवसांत मात्र एकदा तरी जा. त्यासाठी मी स्वतः जास्त पैसे मोजले असते.

प्रश्न (लंडन): आम्ही चौघं गाडी भाड्याने घेणार आहोत. मोहरचे कडे आणि ॲरन बेटं बघायची आहेत. मुक्काम गॉलवेतच ठेवावा का?

ठेवा, पण गाडी गॉलवे सोडायच्या दिवशी घ्या. शहराच्या मध्यात गाडी ठेवायला जागा मिळत नाही, मिळाली तर तासाला पैसे, आणि हॉटेलचा वाहनतळ कधीकधी दुसऱ्याच गल्लीत असतो. मोहरच्या कड्यांना आणि कॉनेमारा या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागाला दिवसभराच्या सहली गॉलवेतून निघतात. कड्यांपर्यंत साधारण दीड तासाचा रस्ता आहे. कडे सर्वांत उंच जागी २१४ मीटर आहेत, तिथे वारा किती असतो हे जॅकेट घेताना लक्षात ठेवा.

ॲरन बेटांसाठी मी वेगळा सल्ला देते. बहुतेक लोक सकाळी बसने रॉसाव्हील बंदरात जातात, तिथून पाऊण तासाच्या बोटीने इनिश मोर या त्यातल्या सर्वांत मोठ्या बेटाला, आणि संध्याकाळी परत. तुमच्याकडे चार रात्री असतील तर त्यातली एक बेटावर काढा. शेवटची बोट गेली की बेट रिकामं होतं. दगडी बांधांच्या मधल्या वाटा, कड्याच्या काठावरचा डून एंगस हा प्राचीन किल्ला, दूरवर कुणी आयरिश भाषेत बोलताना ऐकू येतं. दिवसाच्या गर्दीत यातलं फार थोडं पदरात पडतं. बेटावर घरं मोजकी आहेत, म्हणून आधी बेटाची खोली नक्की करा, मग गॉलवेची. आणि ती परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री ठेवू नका. समुद्र खवळला तर बोटी बंद राहतात.

प्रश्न (ठाणे): आमच्याकडे शेंगेन व्हिसा आहे. हॉटेलचे पैसे आधी भरून ठेवले तर चालेल?

थांबा. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. आयर्लंड त्यात नाही, तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो. अर्जात कुठे राहणार ते द्यावं लागतं, पण त्यासाठी परत न मिळणारे पैसे भरायची गरज नाही. विनाशुल्क रद्द करता येईल असंच बुकिंग करा, आणि विमानाची तिकिटं व्हिसा हातात आल्यावर काढा.

प्रश्न (रत्नागिरी): मी एकटी जाणार आहे. तिथे घरगुती 'बी अँड बी'त, म्हणजे नाश्त्यासह खोली देणाऱ्या घरात, राहावं असं मैत्रीण म्हणते. मला अनोळखी घरात राहायची सवय नाही.

मैत्रिणीचं ऐका. एकट्या बाईला तिथल्या घरमालकिणीइतका आधार हॉटेलच्या काउंटरवर मिळत नाही. बस कुठून सुटते, आज समुद्र कसा आहे, कुठल्या वाटेने रात्री जाऊ नये, हे सगळं नाश्त्याच्या टेबलावर कळतं. कॉलेज रोडवर आणि विद्यापीठ रुग्णालयाजवळच्या न्यूकॅसल भागात अशी घरं आहेत, दोन्हीकडून शहर पायी गाठता येतं. दर बघताना तो खोलीचा आहे की माणशी, ते विचारा. तिथे दोघांनी खोली वाटून घेतल्यास माणशी किती, असा दर सांगायची पद्धत आहे, आणि एकट्या पाहुण्याला त्यावर जादा आकार पडतो.

नाश्ता भरपूर असतो. तुम्ही शाकाहारी असाल तर आदल्या रात्रीच सांगा. 'ब्लॅक पुडिंग' ऐकायला गोड वाटतं, पण त्यात डुकराचं रक्त असतं, आणि 'व्हाइट पुडिंग'मध्ये डुकराचं मांस. अंडी, मशरूम, टोमॅटो, ओटची लापशी आणि सोडा घालून भाजलेला घरचा तपकिरी पाव मागा. तो पाव लोण्याबरोबर खाऊन बघाच.

एक गोष्ट पहिल्या सकाळी अडवते. शॉवरला गरम पाणी येत नसेल तर नळ बिघडला असं समजू नका. छताला एक दोरी लटकत असते, नाहीतर न्हाणीघराबाहेर बटण असतं. ते ओढलं किंवा दाबलं की लाल दिवा लागतो, मग पाणी तापतं. अंघोळ झाली की पुन्हा बंद करा, घरमालकिणीला बरं वाटेल.