रॉक संगीतकारांच्या दोन-दोन तासांच्या मुलाखती यूट्यूबवर बघण्यात एवढं काय आहे?

तुम्ही विचारलंय की गाणी ऐकली तर पुरत नाही का, मुलाखतींत लोक एवढे रमतात कशात, आणि वाद्य वाजवता येत नसेल तर त्यातलं काही कळतं का. मी गेली काही वर्षं जवळपास रोज रात्री, जेवणं उरकली की यातली एखादी लावून बसतो. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

एका गाण्यापासूनच सुरू करतो. 'द पोलिस' या ब्रिटिश बँडचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक', १९८३ सालचं. कॉलेजात असल्यापासून मी ते गिटारवर वाजवत आलोय. साधी मेजर कॉर्ड (एकत्र जुळणाऱ्या सुरांचा गट) धरायची आणि एकेक तार छेडत जायचं. सूर बरोबर, ताल बरोबर, पण रेकॉर्डवर जे वाजतं ते कधीच वाजायचं नाही. मला वाटायचं, फरक त्यांच्या गिटारचा असणार, अँप्लिफायरचा असणार. मग एका रात्री त्या बँडचा गिटारिस्ट अँडी समर्स ही जागा दाखवतोय असा व्हिडिओ समोर आला. कॅमेरा त्याच्या डाव्या हातावर होता. पहिलं बोट पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांनी आखलेलं घर), मधलं सातव्यावर आणि करंगळी थेट नवव्यावर. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, प आणि लगेच वरचा रे. गंधार येतो तो त्याच्या मागून. मी इतकी वर्षं गंधार आधीच देऊन मोकळा होत होतो! ते गाणं ज्या रिषभावर उभं आहे तो माझ्या वाजवण्यात नव्हताच. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, दहा-दहा सेकंद मागे नेत होतो. करंगळी दुखून बधिर व्हायला आली तेव्हा कुठे ती जागा सापडली. बायको झोपेतून उठून आली आणि म्हणाली, "आता बरोबर वाजतंय." तिला गिटारमधलं काही कळत नाही.

समर्सला ही जागा सुचली कशी, हेही त्यानं बऱ्याच मुलाखतींत सांगितलंय. बँडचा गायक आणि बास वाजवणारा स्टिंग, त्यानं गाण्याचा कच्चा आराखडा ऑर्गनवर करून आणला होता. त्या काळात समर्स हंगेरियन संगीतकार बार्टोकचे दोन व्हायोलिनसाठीचे तुकडे गिटारवर वाजवून बघत असे. बोटं तशी ताणायची सवय तिथून लागली होती, तीच इथे कामाला आली. हे कळल्यावर मी त्या रात्री बार्टोक शोधून ऐकला. नाहीतर माझ्यासारखा माणूस त्या वाटेला कशाला गेला असता?

आता मुलाखत घेणाऱ्याबद्दल, कारण सगळी मदार त्याच्यावर असते. अल्बम निघाला की टीव्हीवर जी दहा मिनिटांची बातचीत होते तिच्यात "या अल्बममागची प्रेरणा काय?" हा प्रश्न ठरलेला आणि उत्तरही ठरलेलं. कलाकारानं ते त्याच दिवशी पाच ठिकाणी दिलेलं असतं. याउलट अमेरिकेतल्या रिक बिआटोचं चॅनेल बघा. तो स्वतः वादक, एकेकाळी कॉलेजात संगीत शिकवणारा, पुढे बँडचे अल्बम करणारा निर्माता. तो विचारतो की त्या कडव्याआधी कॉर्ड बदलते ती तिथेच का बदललीत, हा माइक ड्रमपासून किती लांब होता. असा प्रश्न आला की समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो. पाठ केलेलं उत्तर त्याच्याकडे नसतं, त्याला आठवावं लागतं. आठवताना हात आपोआप वाद्याकडे जातो आणि पुढचं उत्तर हातच देतो. मी या मुलाखती बघतो त्या या क्षणासाठी. ऐंशीच्या घरातला माणूस बोलताना नाव विसरतो, साल चुकवतो, पण बोटं चुकत नाहीत.

बिआटोनं पोलिसच्या तिघांच्याही वेगवेगळ्या मुलाखती घेतल्यात. माझा आग्रहाचा सल्ला आहे की त्या तिन्ही पाठोपाठ बघा. ड्रमर स्टुअर्ट कोपलँड बोलायला लागला की खुर्चीत ठरत नाही. त्याचे वडील अमेरिकी गुप्तचर खात्यात होते, त्यामुळे लहानपण बैरुतमध्ये गेलं. तिथल्या अरबी ठेक्यात आणि जमैकाच्या रेगेमध्ये वजन कुठे पडतं यातलं साम्य त्याला म्हणूनच जाणवलं. आपल्याला समेवर येऊन मान हलवायची सवय असते. रेगेच्या या ठेक्यात समच मोकळी सोडलेली असते आणि वजन तिसऱ्या मात्रेवर येतं. हे कळेपर्यंत पोलिसची गाणी ऐकताना काहीतरी निसटतंय असं वाटायचं. आता ती रिकामी सम मला ऐकू येते.

स्टिंग तिघांत शांत. गाण्याच्या मधल्या वेगळ्या भागाबद्दल, ज्याला ब्रिज म्हणतात, तो फार मनापासून बोलतो. आजच्या गाण्यांतून ब्रिज गेलाय याची त्याला खंत आहे. त्याच्या मते ब्रिज म्हणजे मनावरचा उपचार. माणूस एका अडचणीत गोल गोल फिरत असतो, ब्रिज त्याला बाहेरची वाट दाखवतो. मी हे ऐकून 'एव्हरी ब्रेथ'चा ब्रिज परत लावला. तोवर गाणं एकाच जागी घुटमळत असतं आणि तिथे एकदम नवीन कॉर्ड उघडते. हजार वेळा ऐकलेली जागा, पण त्या दिवशी अंगावर काटा आला.

तिघांच्या आठवणी मात्र जुळत नाहीत. कोणी काय बनवलं, कोणाचं श्रेय किती, यावर प्रत्येकाचं स्वतःचं म्हणणं आहे. एका घरातल्या तीन भावांकडून वाटणीची हकिगत वेगवेगळी ऐकावी तसं होतं. २०२५ मध्ये तर समर्स आणि कोपलँड यांनी रॉयल्टीवरून स्टिंगविरुद्ध लंडनच्या हायकोर्टात दावा लावला. ती बातमी वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण मुलाखतींत तिघंही एकमेकांच्या वाजवण्याबद्दल बोलतात तेव्हा आवाजात प्रेम असतं. हाच बँड मार्च १९८० मध्ये मुंबईत वाजवून गेलाय. ती मैफल ऐकलेला कोणी इथे असेल तर कृपया खाली लिहा, मला ऐकायचंय.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या गिटारिस्ट डेव्हिड गिल्मरचंही सांगायला हवं. त्यांच्या 'कम्फर्टेबली नंब' या गाण्याच्या शेवटचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, मी कायम एका दमात सुचलेला मानत होतो. गिल्मरनं सांगितलंय की त्यानं पाच-सहा सोलो वाजवून ठेवले, प्रत्येकातल्या चांगल्या जागांवर खुणा केल्या आणि स्टुडिओतल्या मिक्सरवर एकातून दुसऱ्यात जात तो जुळवला. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खट्टू झालो होतो. आता मला त्यातलं त्याचं ऐकणं जास्त मोठं वाटतं. एखादा गवई रियाजात सापडलेल्या दहा जागांतली एकच मैफलीत ठेवतो, तशीच ही निवड आहे.

वाद्य येत नसेल तर? मग क्वीन या ब्रिटिश बँडच्या गिटारिस्ट ब्रायन मेपासून सुरुवात करा. तो मुलाखतीत आपली 'रेड स्पेशल' हातात घेतो आणि बोलत राहतो. १९६३ मध्ये, शाळेत असताना, वडिलांबरोबर घरीच बनवायला घेतलेली गिटार. दांडा शेकोटीवरच्या जुन्या फळीचा, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, फ्रेटवरच्या खुणा आईच्या शिंपल्याच्या बटणांच्या. तार छेडायच्या प्लास्टिकच्या पिकऐवजी तो सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतो. नाण्याची दातेरी कड तारेवर किंचित फिरवली की सुराला जी खरखर येते, ती त्याच्या बहुतेक रेकॉर्डवर आहे. हे समजायला एकही कॉर्ड यावी लागत नाही. ब्रायन मे क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीबद्दल बोलतो तेव्हा मला तर आपली पाचगणीच आठवते. फ्रेडी तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड त्याच शाळेतला.

'साँग एक्स्प्लोडर'ही न वाजवणाऱ्यांसाठी छान आहे. भारतीय वंशाच्या हृषिकेश हिरवेचा हा कार्यक्रम मुळात पॉडकास्ट, २०२० मध्ये नेटफ्लिक्सवरही आला. एकच गाणं घ्यायचं आणि ते करणाऱ्यांकडून त्याचे पदर वेगळे करून ऐकायचे. आरईएम या अमेरिकी बँडच्या 'लूझिंग माय रिलिजन'चा भाग बघा. त्यांचा गिटारिस्ट पीटर बक याला मँडोलिन शिकता शिकता ती धून सापडली, एवढीच गोष्ट, पण सगळे वादक ती सांगताना हसत असतात.

सगळ्याच मुलाखती चांगल्या असतात असं नाही. काही ठिकाणी मुलाखतकार इतका भारावलेला असतो की कठीण प्रश्न विचारतच नाही. काही ठिकाणी अर्धा तास फक्त गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलवर आणि केबलवर जातो. तो भाग मी बेलाशक पुढे ढकलतो, तुम्हीही ढकला. ब्रिटिश उच्चार जड जात असतील तर सबटायटल्स लावा आणि वेग थोडा कमी करा. मी समर्ससाठी तेच केलं होतं.

आधी गाणं हेडफोनवर दोनदा ऐका, मग मुलाखत, आणि लगेच पुन्हा तेच गाणं. घरात कोणाची धूळ खात पडलेली गिटार असेल तर ती सुरात लावून मांडीवर घेऊन बसा. पाचवा फ्रेट, सातवा, नववा. करंगळी पहिल्या दिवशी पोहोचणार नाही, माझीही पोहोचली नव्हती. कुठे अडलात तर इथेच विचारा.